कपाळावरचा र

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) जहाज मुंबईला लागतं, चक्रधर उतरतो आणि हॅर्टाला उतरता येत नाही. जर्मनीतून हुसकलेल्या ज्यूंना घेऊन जहाज पूर्वेकडे निघून जातं. ही कादंबरी प्रेमाची म्हणून वाचली जाते, शिकवलीही तशीच जाते. तौलनिक साहित्याच्या एम.ए.ला असताना मी ती दुसऱ्यांदा वाचली, तेव्हा मला प्रेमापेक्षा त्या धक्क्यानं जास्त अस्वस्थ केलं. ज्याला उतरण्याचा हक्क आहे तोच गोष्ट सांगतो. जिला तो नाही तिचं म्हणणं आपल्याला कळतं ते त्याच्यामार्फत, त्याच्या अपराधी मनातून गाळून. बेडेकरांना हे पुरतं ठाऊक असावं. चक्रधरला त्यांनी कुठेही सहज सुटू दिलेलं नाही.

त्यानंतर चारच वर्षांनी युरोपातली उखडलेली माणसं खरोखर मराठी मुलखात उतरली. हजारोंनी उतरली, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती, आणि ती कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर पाच वर्षं राहिली. 'रणांगण'शेजारी ठेवावं असं त्यांच्याविषयी मराठीत काही लिहिलं गेलं नाही. जे लिहिलं गेलं ते पुरवण्यांमध्ये, वर्धापनदिनांना आणि पाहुणे आले म्हणून. त्यातही नजर पुन्हा चक्रधरचीच, फक्त यावेळी अपराधी वाटण्याऐवजी अभिमान वाटणारी. तरुण निर्वासितांचं कौतुक करणाऱ्या आपल्या लेखनात नेमकं कोणाचं कौतुक होतं, हा माझा प्रश्न आहे, आणि त्यासाठी आधी वळिवडेला जायला हवं.

१९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत भरून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. हिटलरनं रशियावर चढाई केल्यावर लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला आणि या लोकांना सुटकेचा कागद मिळाला. १९४२ मध्ये जनरल अँडर्सच्या सैन्यामागोमाग ती कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचली. वाटेत उपासमारीनं आणि टायफसनं किती मुलं पोरकी झाली त्याला गणती नाही. इराणमधून मग ती पूर्व आफ्रिकेत, न्यूझीलंडला, मेक्सिकोला आणि भारतात अशी वाटली गेली. नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला पोरक्या मुलांसाठी छावणी उभारली, ती प्रसिद्ध आहे. मोठी छावणी आपल्याकडची. १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवडेला ती सुरू झाली आणि तिथे सुमारे पाच हजार माणसं राहिली. बराकींच्या रांगा, चर्च, दवाखाना, शाळा, स्काउटांची पथकं, नाटकं. १९४८ साली ती रिकामी झाली, आणि त्याच बराकींत फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली. आज कोल्हापूरकर ज्या गांधीनगरला कापड घ्यायला जातात, ते हेच.

सप्टेंबर २०१९ मध्ये कोल्हापुरात या इतिहासाचा स्मृतिस्तंभ उभा राहिला. लहानपणी वळिवडेत राहिलेली, आता ऐंशीच्या आसपासची किंवा पुढची माणसं त्यासाठी आली होती. वॉर्सामध्ये जामसाहेबांच्या नावाचा चौक आहे, शाळा आहे, आणि कोल्हापूरच्या आठवणीचंही स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताचे पंतप्रधान तिथे जाऊन आले तेव्हा आपल्या वृत्तवाहिन्यांनी वळिवडे हे नाव दोन दिवस घेतलं. यातलं काही वाईट नाही. जामसाहेबांचं औदार्य खरंच होतं आणि कोल्हापुरातल्या साध्या माणसांचं शेजारपणही. पण सत्काराच्या लेखनाला एक खोड असते. ते शाल ज्याच्या खांद्यावर घालतं त्याच्याकडे बघत नाही, शाल घालणाऱ्याच्या हाताकडे बघतं.

'कोल्हापूरनं पाच हजार पोलिश लोकांना पोसलं' हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की ते तपासावंसं कोणाला का वाटत नाही याचं नवल वाटतं. जागा कोल्हापूर संस्थानातली होती, व्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या अधिकाऱ्यांची, आणि छावणीच्या खर्चाचा मुख्य भार लंडनमधल्या पोलिश सरकारनं उचलला होता. शिक्षिका त्यांच्या, अभ्यासक्रम त्यांचा, पुस्तकं त्यांची. हे सांगितल्यानं कोल्हापूरचं काही कमी होत नाही. उलट त्या माणसांकडे आश्रित म्हणून न बघता, घर जाळून निघालेल्या पण शाळा पाठीवर घेऊन आलेल्या लोकांसारखं बघता येतं. आपल्या पुरवण्यांत मुलं बहुधा भुकेली येतात आणि गोबरी होऊन जातात. मधल्या पाच वर्षांत त्यांनी काय शिकलं, काय लिहिलं, कशाला नाही म्हटलं, ते गाळलेलं असतं.

ते त्यांनी स्वतः नोंदवून ठेवलंय. छावणीत वाढलेल्या मुलांनी पुढे इंग्लंडमध्ये मंडळ स्थापन केलं आणि १९४२ ते ४८ मधल्या भारतातल्या पोलिश लोकांविषयी एक जाडजूड संकलन तयार केलं. आधी पोलिशमध्ये (लंडन, २०००), नंतर इंग्रजीत. मी इंग्रजी वाचलं. पुस्तक म्हणून ते ओबडधोबड आहे. दस्तऐवज, याद्या, आठवणी, फोटो यांची सरमिसळ आहे, आणि पन्नास वर्षांनंतर लिहिलेल्या आठवणींना जी मऊ साय धरते ती बऱ्याच पानांवर आहे. संपादकांनी हात आखडला असता तर बरं झालं असतं. तरीही ते वाचताना आपल्या पुरवण्यांतली मुलं एकदम अनोळखी वाटू लागतात, कारण या पुस्तकात यजमान जवळजवळ कडेला आहेत. मध्यभागी शाळा आहे, स्काउट आहेत, नाटकाच्या तालमी आहेत, वडिलांच्या पत्राची वाट आहे. सगळी यंत्रणा एका गोष्टीसाठी चाललेली: युद्ध संपलं की परत जायचं, आणि परत गेल्यावर वर्गात मागे पडायचं नाही.

म्हणजे रुळायचं नव्हतंच. 'नव्या देशात रुळणारी मुलं' हा जो आजच्या कौतुकाचा लाडका साचा आहे, त्यात वळिवडे बसत नाही. भारत हा त्यांचा नवा देश कधीच नव्हता, ते स्टेशन होतं. आणि मग १९४५ मध्ये, ज्या पोलंडचा भूगोल ती कोल्हापुरात बसून पाठ करत होती, त्याचा पूर्वेकडचा भाग सोव्हिएत संघात गेला. त्यांतल्या बहुतेकांची घरं नेमकी तिथली. परतीचं गावच नकाशावरून दुसऱ्या देशात सरकलं. १९४७-४८ मध्ये ती इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला, आणखी कुठे कुठे गेली, थोडी पोलंडला परतली. ज्या गोष्टीसाठी तयारी केली ती झाली नाही आणि जिची तयारी नव्हती ती करावी लागली. या मुलांचं कौतुक करायचं तर या जागी करायला हवं. साऱ्या शाळेला निरर्थक ठरवणारा नकाशा हाती आल्यावर सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींनी काय केलं असेल, याची कल्पना करण्याइतकी कादंबरी मराठीत आहे. ती कोणी लिहिली नाही, एवढंच.

या छावणीत एक बाई येत-जात असे, तिच्याविषयी मात्र मला लिहिलंच पाहिजे, कारण ती माझ्या धंद्यातली. वांदा डिनोव्स्का. (मराठी कानाला हे नाव कसं लागतं ते सोडून देऊ.) जन्म १८८८, थिऑसॉफिस्ट, १९३५ मध्ये भारतात आली, गांधीजींच्या परिवारात उमादेवी झाली. वळिवडेच्या तरुण मुलांना भारत दाखवायचं काम तिनं अंगावर घेतलं होतं. तिचा मार्ग भाषांतराचा होता. मॉरिस फ्रीडमन या वॉर्सात जन्मलेल्या इंजिनिअरला बरोबर घेऊन तिनं १९४४ मध्ये मद्रासला पोलिश-भारतीय ग्रंथमाला काढली आणि गीतेपासून आधुनिक भारतीय कवितेपर्यंत पुष्कळ काही पोलिशमध्ये आणलं. त्याच सुमारास गुजराती कवी हरिश्चंद्र भट्ट यांच्यासोबत पोलिश कवितेचं इंग्रजी संकलन मुंबईहून प्रसिद्ध केलं.

याची दिशा बघण्यासारखी आहे. निर्वासिताला मदत म्हणजे त्याला आपली भाषा शिकवणं, असं आपण धरून चालतो. बंगळुरूत तर कन्नड येतं का, हा पहिला प्रश्न, आणि तो रास्तच आहे, मलाही विचारला जातो. डिनोव्स्का उलट करत होती. यजमानांचं साहित्य पाहुण्यांच्या भाषेत, आणि पाहुण्यांची कविता यजमानांना वाचता येईल अशा भाषेत. मुलांना तिनं भारत दिला तो पोलिशमध्ये. त्यांना भाषा बदलायला न लावता कुतूहल जागं करायचा हा प्रकार मला आजच्या पुष्कळ 'समावेशक' उपक्रमांहून शहाणा वाटतो.

फ्रीडमनची गोष्ट तर मराठी आणि बंगळुरू दोन्हींना शिवून जाते. तो १९३०च्या दशकात इथे, म्हैसूर सरकारच्या विजेच्या कारखान्याचा प्रमुख म्हणून होता. तिथून तो औंध संस्थानात गेला आणि साताऱ्याकडच्या त्या छोट्या राज्यानं रयतेच्या हाती कारभार देण्याचा जो प्रयोग केला त्यात रमला. आयुष्याच्या अखेरीस मुंबईत खेतवाडीच्या माळ्यावर निसर्गदत्त महाराज मराठीत जे बोलत, ते त्यानं इंग्रजीत आणलं. ते १९७३ चं पुस्तक, 'आय ॲम दॅट', आज जगभर वाचलं जातं. मराठी बोलीतून इंग्रजीत गेलेल्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांपैकी एकाचा भाषांतरकार पोलिश ज्यू होता, हे मी विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा ते आधी हसतात.

डिनोव्स्का १९६० नंतर धरमशालेला तिबेटी निर्वासितांमध्ये काम करू लागली. १९७१ मध्ये ती म्हैसुरात वारली. म्हैसूरहून कुशालनगरच्या रस्त्यानं पश्चिमेला गेलं की दीड-दोन तासांवर बायलकुप्पे लागतं. वळिवडेचा जो प्रश्न इतिहासानं अर्धवट सोडला तो इथे अजून चालू आहे.

१९६१ मध्ये म्हैसूर राज्यानं तिबेटींना बायलकुप्पेची रानजमीन दिली. पुढे मुंडगोड, हुणसूर, कोळ्ळेगाल इथे वस्त्या झाल्या. महाराष्ट्रातही एक आहे, तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावला. नेहरूंच्या सरकारनं तिबेटी मुलांसाठी वेगळ्या शाळा मान्य केल्या, भाषा आणि रीत टिकावी म्हणून. वळिवडेत पाच वर्षं चाललं ते इथे साठ वर्षं चाललंय: परतीची तयारी. तिसरी पिढी त्या तयारीत जन्मली, शिकली, आणि नोकरीला बंगळुरूला आली.

याउलट उदाहरण सिंध्यांचं. कल्याणच्या छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं, मुलं धंद्यात शिरली, मराठी-हिंदी बोलू लागली, पुढच्या पिढीला सिंधी लिपी वाचता येईना. ती रुळली, पूर्णपणे रुळली, आणि आपण त्यांच्या उद्यमशीलतेचं कौतुक करतो. १९६७ मध्ये सिंधी आठव्या अनुसूचीत आली तोवर घरातली भाषा उतरणीला लागली होती. रुळण्याची किंमत काय असते ते त्या घरांना विचारावं. हा विषय वेगळ्या लेखाचा आहे.

बंगळुरूत तिबेटी तरुणांचं कौतुक होत नाही असं नाही. मोमो आहेत, २० जूनच्या जागतिक निर्वासित दिनाला नाच आहेत, लाकडी मुखवटे आहेत. पण ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांनी ईशान्येच्या हजारो मुलांना या शहरातून गुवाहाटीच्या गाड्यांत बसवलं, तेव्हा म्हैसुरात एका तिबेटी तरुणावर हल्ला झाला. चेहरा पाहून कोण कुठला ते ठरवणाऱ्यांना बायलकुप्पे आणि मणिपूर यांतला फरक माहीत नव्हता. नाच पाहिल्यानं तो कळतोच असं नाही.

तेन्झिन त्सुंदुएची कविता मला याचमुळे महत्त्वाची वाटते. तो कृतज्ञ निर्वासित म्हणून लिहायला नकार देतो. आईवडील हिमालयात रस्त्यांच्या कामावर होते. त्याचा जन्म मनालीचा, घर कर्नाटकात, बहिणी वाराणसीला, भाऊ धरमशालेत. त्याच्या जन्मतारखाही कागदोपत्री तीन. हे सगळं त्यानंच त्या निबंधात सांगितलंय, ज्याला २००१ मध्ये 'आउटलुक-पिकाडोर'चं पारितोषिक मिळालं. निबंधाचा सूर रडका नाही, तिरकस आहे. मुंबईच्या रस्त्यावर लोक त्याला कुठकुठल्या देशाचा समजतात त्याची यादी तो देतो, तिथे वाचक हसतो आणि लगेच हसणं गिळतो. मुंबई विद्यापीठात एम.ए. करताना वर्गमित्रांकडून पैसे घेऊन त्यानं पहिला कवितासंग्रह छापला (१९९९). दुसऱ्याचं नाव 'कोरा', तिबेटीत प्रदक्षिणा. मराठी वाचक कव्हर बघून वही समजेल.

जानेवारी २००२ मध्ये चीनचे पंतप्रधान मुंबईच्या हॉटेलात असताना तो बाहेरच्या पाडावरून चौदाव्या मजल्यापर्यंत चढला आणि तिबेटचा झेंडा फडकवला. २००५ च्या एप्रिलमध्ये इथे बंगळुरूत, टाटा इन्स्टिट्यूटच्या मनोऱ्यावर त्यानं तेच केलं. बातम्यांमध्ये तो तेवढाच उरला: लाल कपाळपट्टीवाला. मला ही माणसाची प्रसिद्धी कवितेच्या मुळावर आलेली वाटते. त्याच्या काही कविता घोषणेच्या फार जवळ जातात हेही खरं, संग्रह सलग वाचताना ते खुपतं. जिथे तो घोषणा विसरून शाळेतल्या मुलाकडे वळतो तिथे तो मोठा कवी आहे.

अशी एक कविता आहे, 'रेफ्युजी' या अर्थाच्या इंग्रजी नावाची. शिक्षक मुलाला सांगतात की तुझ्या भुवयांच्या मध्ये एक अक्षर उमटलेलं आहे, निर्वासिताचं इंग्रजी आद्याक्षर, आर. मूल ते खरवडून काढायला जातं आणि कपाळ लाल होतं. शेवटी तेच अक्षर तिबेटी जीभ वेगळं वाचते: रांगझेन, म्हणजे स्वातंत्र्य. सगळी कविता एका अक्षरावर तोललेली आहे. ते अक्षर दुसऱ्या भाषेत हललं की कविता पडते.

मी इथे महिन्यातून एकदा भाषांतराचा छोटा वर्ग घेते. घरच्या गॅलरीत आठ-दहा जण बसतो. कन्नड, तमिळ, बंगाली, मराठी. गेल्या वर्षीपासून त्यात एक तिबेटी मुलगी येते, चोविशीची, कोरमंगलच्या एका कंपनीत काम करणारी. पहिल्या दिवशी ती मराठीत बोलली आणि मी चाट पडले. ती गोठणगावची. तिचं मराठी झाडीचं, 'पाणी'चं 'पानी' करणारं, नागपूरच्या पलीकडलं. तिच्या आजीला हाटात भाजीचा भाव मराठीतच करता येतो, हिंदीत नाही. आपण मराठीत तिबेटींविषयी लिहितो तेव्हा 'त्यांना मराठी वाचता येईल' ही शक्यताच धरत नाही. ही मुलगी वाचणार होती.

आम्ही ती कविता घेतली. मी फळ्यावर तीन शब्द लिहिले: निर्वासित, शरणार्थी, आश्रित. पहिल्यात घर हिसकावलं गेल्याची क्रिया आहे, माणूस काहीच करत नाही, त्याच्यावर केलं जातं. दुसऱ्यात तो काही मागतो. तिसऱ्यात तो कोणाच्या तरी छपराखाली आहे आणि छपराच्या मालकाचं नाव त्याच्या नावाआधी येतं. वळिवडेवरच्या पुरवण्यांची भाषा या तिसऱ्या शब्दाची आहे.

ती म्हणाली, "ताई, आमच्याकडे यातलं कोणी काही म्हणत नाही. गावातले लोक आम्हाला कॅम्पवाले म्हणतात. आणि कागदाला आरसी."

आरसी म्हणजे परदेशी म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र. तिबेटींना ते बाळगावं लागतं आणि मुदत संपली की पुन्हा करून घ्यावं लागतं. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांचा वेगळा कायदाही इथे नाही, त्यामुळे साठ वर्षं राहिलेली माणसंही कागदावर परदेशीच. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात इथे जन्मलेले तिबेटी जन्मानं भारतीय आहेत, असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये आणि कर्नाटक उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये म्हटलं. पण वस्त्यांमध्ये त्यावर वादच जास्त झाला, पासपोर्ट घेतला तर तिबेटचं काय होईल म्हणून. आणि ही मुलगी तर १९८७ नंतरची. "आरसी म्हणजे आरसा ना?" तिनं विचारलं. शाळेत मराठीच्या पुस्तकात तिला तो शब्द भेटला होता. मुदत संपली की चेहरा पुन्हा मंजूर करून आणायचा, असं ती सहज म्हणाली, आणि आम्ही पुन्हा फळ्याकडे वळलो.

माझं मत 'रेफ्युजी' ठेवावं असं होतं. शुद्ध मराठीचा आग्रह धरणारे कुरकुरतील, पण बोलण्यात तो शब्द आहे, उल्हासनगरनं तो मराठीला चांगला शिकवलाय, आणि त्याचं पहिलं अक्षर र. रांगझेनचंही र. इंग्रजीत आरनं जे काम केलं ते मराठीत र करतो, कानाला लगेच कळतो. सोपं आणि पक्कं.

मग एका कन्नड मुलानं विचारलं, "मॅडम, 'निर्वासित'च्या डोक्यावर तो आकडा कसला?" त्याला रफार माहीत नव्हता. कन्नडमध्ये अर्धा र पुढच्या अक्षराच्या उजवीकडे येतो, डोक्यावर चढत नाही. मी त्याला समजावायला लागले की देवनागरीत स्वर गमावलेला र पुढच्या अक्षराच्या माथ्यावर जाऊन बसतो. आणि समजावता समजावता थांबले. निर्वासितमध्ये तो आहे, शरणार्थीमध्येही आहे. दोन्ही शब्दांच्या कपाळावर र कोरलेला आहे, इतकी वर्षं, आणि पंचवीस वर्षं भाषांतराचा धंदा करून मी तो पाहिला नव्हता.

गोठणगावची मुलगी खडू घेऊन उठली. तिबेटीतही असंच आहे, ती म्हणाली. तिनं तिबेटी र काढला, आपल्या र च्या नात्यातला दिसणारा, आणि त्याच्या खाली दुसरं अक्षर. वर बसलेल्या या र ला तिबेटी शाळेत रा-गो म्हणतात. गो म्हणजे डोकं. मग तिनं शेजारी रांगझेन लिहिलं. तिथे र कोणाच्या डोक्यावर नव्हता. सुटा होता, पहिला, पूर्ण.

तिचं म्हणणं 'निर्वासित'च ठेवा. कविता सुरू होते तेव्हा र मोडका, दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि संपते तेव्हा स्वतःच्या पायावर. माझं म्हणणं असं की हे डोळ्यांना दिसेल, कानांना नाही, आणि ही कविता त्सुंदुए मोठ्यानं म्हणतो. तिनं विचारलं, मराठी कविता लोक वाचतात की ऐकतात? याला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं. बंगाली मुलीनं तिची बाजू घेतली, तमिळ मुलानं माझी. तासभर वाद झाला. निर्वासितांविषयी इतका वेळ इतक्या बारकाईनं आणि एकदाही दया न दाखवता आम्ही त्याआधी बोललो नव्हतो.

मूळ कविता इंग्रजी आहे, मराठी वाचणारे ती इंग्रजीत वाचू शकतात, मग हा खटाटोप कशाला, असं मला संपादक मित्र विचारतात. इंग्रजीतली कविता दूरच्या सहानुभूतीपर्यंत जाते, ती न्यूयॉर्कला जाते, कोरमंगलला जाते. अर्जुनी-मोरगावचा दुकानदार, दर हिवाळ्यात गावच्या नाक्यावर तिबेट्यांकडून स्वेटर घेणारी बाई, गोठणगावच्या शेजारच्या शाळेतले मास्तर, यांच्यापर्यंत ती मराठीतच पोचेल. आणि रोजचं राहणं यांच्याबरोबर असतं. वळिवडेच्या बाबतीत आपण हेच केलं नाही. पोलिश मुलांनी जे लिहिलं त्यातलं पाचपन्नास पानं तरी मराठीत आणून कोल्हापुरात वाचायला ठेवली असती, तर स्तंभावर कोरलेल्या मजकुराशेजारी त्यांचाही आवाज राहिला असता. ते अजूनही करता येईल. संकलन जाडजूड आहे, निवड कडक करावी लागेल, शाळेची आणि १९४५ नंतरच्या महिन्यांची पानं आधी घ्यावीत, सत्काराची शेवटी.

कवितेचे दोन खर्डे झाले आहेत. एकाचं नाव 'रेफ्युजी', दुसऱ्याचं 'निर्वासित'. दोन्ही छापण्यासाठी नाहीत, वर्गातले आहेत. लोसरला ती गोठणगावला जाताना दोन्हींच्या प्रती घेऊन गेली. आजीला ऐकवणार आहे, आणि सहावीला मराठी शिकवणाऱ्या तिच्या बाईंना वाचायला देणार आहे.